सरमेचा प्रश्न

महाभारताच्या दोन्ही टोकांस एकेक कुत्रा बसलेला आहे, ही गोष्ट त्या ग्रंथाच्या भाविक वाचकांच्याही सहसा ध्यानात येत नाही. शेवटचा कुत्रा सर्वांच्या ओळखीचा आहे. महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी पडली, चारही भाऊ एकामागून एक पडले, आणि युधिष्ठिराच्या मागे एकटा कुत्रा उरला, ही कथा आपण लहानपणी आजीच्या तोंडून ऐकलेली असते. पहिला कुत्रा मात्र विस्मृतीत पडला आहे. तो भेटतो आदिपर्वाच्या आरंभी, पौष्यपर्वात. कुरुक्षेत्रावर जनमेजयाचे दीर्घसत्र चालले होते. तेथे देवांची कुत्री जी सरमा, तिचे पिल्लू सहज येऊन उभे राहिले. जनमेजयाच्या तिघा भावांनी त्यास बडविले. ते रडत आईकडे गेले. आई प्रथम काय म्हणाली? कोणतीही आई म्हणेल तेच: तूच काही आगळीक केली असशील. पिल्लाने सांगितले की, आपण हविर्द्रव्याकडे पाहिलेही नाही आणि त्यास जीभही लावली नाही. तेव्हा सरमा यज्ञमंडपात गेली आणि तिने त्या राजपुत्रांस एकच प्रश्न विचारला: माझ्या निरपराध मुलास तुम्ही का मारिले?

यावर ते काहीच बोलले नाहीत. ग्रंथकाराने त्यांच्या तोंडी एखादे लंगडे समर्थनही घातलेले नाही. मग सरमेने शाप दिला की, तुम्ही निष्कारण मारिले, म्हणून तुमच्यावर न दिसणारे भय येईल.

एवढ्या प्रचंड ग्रंथाच्या उंबरठ्यावरच व्यासांनी हा लहानसा प्रसंग का ठेविला असावा, याचा विचार आम्ही अलीकडे पुष्कळ केला. त्यास एक घरगुती निमित्त झाले, ते पुढे सांगू. विचाराअंती आमचे मत असे झाले आहे की, कुत्र्याविषयी आपल्या वाङ्मयाने आजवर जे काही म्हटले आहे, ते जवळजवळ सारे शेवटच्या कुत्र्याविषयी आहे. आणि सरमेचा जो प्रश्न, तो आजही अनुत्तरित पडून आहे. ही केवळ वाङ्मयीन उणीव असती, तर तिजसाठी या मासिकाची पाने खर्ची घालण्याचे कारण नव्हते. परंतु जी गोष्ट आपण वाचावयास शिकलो नाही, ती आपल्या घरात येऊन चार वर्षे बसली तरी आपल्यास वाचता येत नाही, आणि त्याची किंमत कधी मुक्या जनावरास, कधी लेकरास द्यावी लागते.

प्रथम शेवटचा कुत्रा घेऊ. इंद्र रथ घेऊन येतो आणि कुत्र्यास टाकून चल म्हणतो. युधिष्ठिर म्हणतो, जो माझ्या भरवशावर आला त्यास मी टाकणार नाही. इंद्र नाना प्रकारे समजावतो, पण हा हटत नाही. मग तो कुत्रा आपले खरे रूप प्रकट करितो. तो साक्षात् धर्म असतो. हा भाग वर्गात शिकविताना आम्ही तीसेक वर्षे येथेच आवाज चढविला आणि पोरांनी येथेच टाळ्या दिल्या. पण थोडे थांबून पाहिले म्हणजे ध्यानात येते की, ज्या क्षणी कुत्र्याचा गौरव होतो त्याच क्षणी तो कुत्रा राहात नाही. धर्म प्रकट होतो, स्तुती होते, रथ स्वर्गास जातो. तो जो धापा टाकीत हिमालय चढत आलेला प्राणी, त्याचे पुढे काय झाले हे कोणी विचारीत नाही, कारण तो प्राणी नव्हताच. यात महाभारताचा दोष थोडा आहे, आपल्या वाचनाचा अधिक आहे. युधिष्ठिरास ठाऊक नव्हते की हा धर्म आहे. त्याने स्वर्ग नाकारिला तो एका साध्या कुत्र्यासाठी. त्याच्या कृतीचे सारे मोल या अज्ञानात आहे. आपण मात्र कथेचा शेवट आधी वाचून ठेविला, आणि कुत्र्यात धर्म असेल तरच तो टाकू नये, असा उफराटा बोध घेतला.

आपल्या परंपरेत इतरत्रही हेच दिसते. दत्तात्रेयाच्या पायांशी चार श्वान असतात. ते चार वेद होत, असे आपणांस सांगण्यात येते. काळभैरवाचे वाहन श्वान आहे. जेजुरीच्या खंडोबाबरोबर कुत्रा आहे, आणि त्याचा भक्त जो वाघ्या, तो स्वतःस देवाचा कुत्रा म्हणवितो. ही सारी प्रतीके थोर आहेत. त्यांची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु देवघरातून बाहेर येऊन भाषेच्या अंगणात पाहावे, तर तेथे याच प्राण्याची काय संभावना आहे? दैन्याची परमावधी झाली म्हणजे कुत्रे हाल खात नाही. वाईट मरण ते कुत्र्याचे मरण. सुधारत नाही तो माणूस म्हणजे नळीत घातलेले कुत्र्याचे शेपूट. म्हणजे आपल्याजवळ कुत्र्यासाठी दोनच आसने आहेत: एक देवाच्या पायांशी, दुसरे उकिरड्यावर. मधली जागा, जेथे तो वस्तुतः राहातो, म्हणजे आपल्या ओसरीवर किंवा आजच्या काळी तिसऱ्या मजल्यावरील दिवाणखान्यात, ती जागा वाङ्मयाने रिकामी ठेविली आहे.

एक अपवाद सांगितला पाहिजे. नामदेवांची पोळी कुत्र्याने पळविली, तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, अशी लोककथा आहे. कीर्तनकार येथे सर्वांभूती विठ्ठल दाखवितात, आणि ते योग्यच आहे. आम्हांस मात्र त्या कथेतील तूप अधिक मोलाचे वाटते. कोरडी पोळी या जिवाच्या घशाखाली कशी उतरेल, हा विचार ज्यास सुचला, त्याने कुत्र्यात देव पाहण्यापूर्वी कुत्र्याकडे पाहिले होते.

अर्वाचीन काळी या दोन आसनांतील पहिले आणखी उंच झाले. रायगडावर शिवछत्रपतींच्या समाधीसमोर वाघ्या कुत्र्याचे स्मारक आहे, ते १९३६ मध्ये उभारण्यात आले. धन्याच्या चितेत उडी घेणाऱ्या कुत्र्याची कथा त्याच्या मुळाशी आहे, आणि त्या कथेस समकालीन कागदांचा आधार नाही, असे इतिहासाच्या अभ्यासकांनी वेळोवेळी दाखविले आहे. २०१२ मध्ये काहींनी तो पुतळा काढून टाकिला, तो पुन्हा बसविण्यात आला. २०२५ मध्ये तो हलविण्याची मागणी फिरून झाली. या वादात आम्हांस शिरावयाचे नाही. आम्हांस दिसते ते इतकेच की, दोन्ही पक्ष पुष्कळ बोलले, पण ते कुत्र्याविषयी नव्हते. दगडाचा वाघ्या हा निष्ठेचा पुतळा आहे. जो धन्यासाठी जळतो आणि चकार शब्द काढीत नाही, तो उत्तम कुत्रा, ही कल्पना त्या कथेने मराठी मनात पक्की बसविली. आणि येथून आम्ही त्या घरगुती प्रसंगाकडे येतो.

आमचे एक स्नेही तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात अभियंता आहेत, आणि बोईसर येथे बिऱ्हाड करून असतात. आमचे वास्तव्य पालघरास. मध्ये आगगाडीचे एक स्थानक, तेव्हा येणेजाणे नित्याचे. चार वर्षांपूर्वी त्यांनी लॅब्रॅडॉर जातीचे पिल्लू आणिले आणि त्याचे नाव वाघ्या ठेविले. त्या दिवशी घरच्या मंडळींपुढे आम्ही एक छोटेखानी व्याख्यान दिल्याचे स्मरते. युधिष्ठिराचा कुत्रा, रायगडाचा कुत्रा, इमान, निष्ठा, हे सारे त्यात होते. कुत्र्याच्या कानांविषयी त्यात अवाक्षर नव्हते.

गेल्या भाद्रपदात, गौरी-गणपतीच्या गर्दीत, त्यांच्या बहिणीचा सहा वर्षांचा मुलगा वाघ्याच्या गळ्यात पडला. कुत्रा कोपऱ्यात झोपलेला होता. मुलाने लाडाने त्याचा कान ओढिला, आणि कुत्र्याने त्याच्या हातास व गालास चावा घेतला. घरात हलकल्लोळ झाला. आजीबाई हळद व चुना घेऊन आल्या. सुदैवाने शेजारच्या एका बाईंनी मुलास नळाखाली नेऊन साबणाने घड्याळ लावून पंधरा मिनिटे जखमा धुतल्या, आणि तसेच त्यास रुग्णालयात नेले. तेथे डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारिला तो कुत्र्याच्या लसीविषयी. कागद काढून पाहिले, तर दोन वर्षे लस टोचलेली नव्हती. दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती अशी की, कुत्र्यास दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवा. चावण्याच्या वेळी त्याच्या लाळेत रोग असता, तर इतक्या दिवसांत तो आजारी पडून मेल्याखेरीज राहात नाही. धडधाकट राहिला, तर मुलास धोका नाही. ही मंडळी हा निरोप घेऊन घरी आली तो कुत्रा घरात नव्हता. बेइमान जनावर पुन्हा डोळ्यांसमोर नको, म्हणून त्यास मोटारीत घालून चिंचणीच्या पलीकडे समुद्राकाठी सोडून देण्यात आले होते.

संध्याकाळी आम्ही गेलो, तेव्हा स्नेही म्हणाले, "सर, तुम्हीच म्हणाला होतात ना, कुत्र्यासारखे इमानी जनावर नाही?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. जनमेजयाच्या भावांची जी अवस्था झाली, तीच आमची झाली.

या प्रसंगाकडे टीकाकाराच्या दृष्टीने पाहू. एखाद्या ग्रंथाचा अर्थ चुकीचा लागला असता आपण काय करितो? मूळ पाठाकडे परत जातो. कुत्र्याचा मूळ पाठ म्हणजे त्याचे शरीर. आम्ही घरच्या मंडळींस एकेक विचारीत गेलो आणि पाठ जुळत गेला. पावसाळा लागल्यापासून वाघ्या मान एका अंगास कलती धरी, मागच्या पायाने कान खाजवी, डोके झटकी. कानास वास येतो, असे घरची मोलकरीण दोनदा म्हणाली होती. श्रावणात धाकट्या मुलीने त्या बाजूने हात लाविला, तेव्हा तो गुरगुरला. त्याबद्दल त्याच्या तोंडावर वर्तमानपत्राची सुरळी बसली. दुसऱ्या वेळी गुरगुरला, पुन्हा सुरळी बसली. त्यानंतर तो गुरगुरला नाही. मंडळींस वाटले, जनावर सुधारले. वस्तुतः त्याने एवढेच शिकून घेतले होते की, दुखते म्हणून सांगितल्यास मार बसतो. गुरगुरणे ही शिवी नव्हे. तो इशारा होय. इशाऱ्याची घंटा आपल्या हातांनी काढून टाकावी, आणि मग आग न सांगता लागली म्हणून आगीस बेइमान म्हणावे, तशातला हा प्रकार.

चावण्यापूर्वी कुत्रा पुष्कळ बोलतो. मान फिरवितो, झोप नसता जांभई देतो, खाणे समोर नसता ओठ चाटतो, अंग ताठ करितो, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसेल असे तिरके पाहतो, उठून दूर जातो. तेथेही कोणी मागे आले, तर गुरगुरतो. हे सारे निष्फळ झाले म्हणजे दात राहातात. आमच्या भाषेत शेपटीच्या वाकडेपणावर म्हण आहे, पण शेपटीच्या बोलण्यावर नाही. शेपूट हलते म्हणजे जनावर आनंदात आहे, इतकेच आपण समजतो. इटलीतील संशोधकांनी २००७ मध्ये दाखविले की, धनी दिसला असता कुत्र्याचे शेपूट उजवीकडे अधिक हलते, आणि परका दांडगा कुत्रा दिसला असता डावीकडे. म्हणजे ज्यास आपण एक शब्द समजत होतो, ते दोन शब्द निघाले. ताठ उभे करून आखूड हलविलेले शेपूट तर स्वागताचे नसून सावध राहण्याची सूचना असते.

याहून बोधप्रद प्रयोग अमेरिकेतील अलेक्झांड्रा होरोविट्झ या विदुषींचा आहे. कुत्र्याने काही आगळीक केली म्हणजे त्याचा चेहरा अपराधी होतो, हे कुत्री पाळणारा प्रत्येक जण शपथेवर सांगेल. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात, खाऊ नको म्हणून सांगितलेला पदार्थ कुत्र्यापुढे ठेवून धनी बाहेर जाई. परत आल्यावर त्यास कधी खरे, कधी खोटे सांगण्यात येई. आढळले असे की, अपराधी चेहरा हा अपराधावर अवलंबून नसून रागे भरण्यावर अवलंबून होता. आणि ज्यांनी काहीच खाल्ले नव्हते, त्यांस रागे भरले असता तो अधिक ठळक दिसे. सरमेच्या पिल्लाची गोष्ट याहून वेगळी काय आहे? त्याने हविर्द्रव्यास जीभही लाविली नव्हती. मार खाल्ल्यावर मात्र ते अपराध्यासारखेच दिसले असेल, इतके की, आईलाही शंका आली.

आता कोणी म्हणेल की, हा पशुवैद्याचा विषय आहे, त्यात वाङ्मयाचा काय संबंध? संबंध असा की, वैद्याकडे जाण्यापूर्वी काही बिघडले आहे असे दिसावे लागते, आणि काय दिसावे हे आपण ऐकिलेल्या गोष्टी ठरवितात. निष्ठावंत कुत्रा तक्रार करीत नाही ही गोष्ट ज्याने ऐकिली, त्यास न तक्रार करणारे जनावर निरोगीच दिसणार. कुत्रा हा वेदना लपविणारा प्राणी आहे. खाणे कमी होणे, जिना चढण्यास टाळणे, हात लावू न देणे, एवढ्याच त्याच्या तक्रारी. आमच्या या किनारपट्टीच्या दमट हवेत लोंबत्या कानांच्या कुत्र्यांचे कान ओले राहून नासतात. पोहून किंवा न्हाऊन आल्यावर ते कोरडे करावे लागतात. गोचीड ही केवळ किळसवाणी वस्तू नसून तिच्यापासून रक्ताचे जीवघेणे ताप येतात. पावसाच्या साचलेल्या पाण्यातून, उंदरांच्या मुतामुळे पसरणारा लेप्टोचा रोग कुत्र्यास होतो आणि माणसासही होतो. यांपैकी पुष्कळांस लस किंवा साधा उपाय आहे. पिल्लू दीड-दोन महिन्यांचे झाले म्हणजे इतर लसींस आरंभ करावा, तीन महिन्यांचे झाले म्हणजे पिसाळण्याची लस द्यावी, पुढे ती पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणे नेमाने चालू ठेवावी. यात पांडित्य काही नाही. पण आमचे स्नेही सुशिक्षित असून दोन वर्षे विसरले, ते का? कारण पिसाळलेले कुत्रे म्हणजे रस्त्यावरचे, आपला तो वाघ्या, अशी त्यांच्या मनात विभागणी होती. उकिरड्यावरचे आसन एकाचे, देवघरातले दुसऱ्याचे.

हा रोग दिसू लागल्यावर त्यास उपाय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दर वर्षी सुमारे ५९,००० माणसे त्याने मरतात, त्यांतील एक-तृतीयांशाहून अधिक भारतात. आणि संशयित जनावरांनी चावलेल्यांत शेकडा ४० मुले पंधरा वर्षांखालची असतात. लुई पाश्चर यांनी १८८५ च्या जुलैत जोसेफ माइस्टर या मुलास पहिली लस दिली, त्यास एक शतकाहून अधिक काळ लोटला. तरी पोटातील चौदा सुयांची दहशत अद्याप आमच्या घरांतून गेलेली नाही. ती जुनी लस भारतात केव्हाच बंद झाली. आज दंडात चार-पाच वेळांत काम होते, आणि खोल जखमेत प्रतिद्रव्याची सुई देतात. सरमेने शापात जे म्हटले, न दिसणारे भय, ते या रोगाइतके दुसऱ्या कशास शोभत नाही. पण शाप आणि रोग यांत फरक हा की, दुसऱ्यास साबण, पाणी आणि लस यांनी अडविता येते.

आमच्या काळाचे सर्वांत वाचले जाणारे वाङ्मय म्हणजे जाहिरात, तिनेही या कामी थोडे नुकसान केलेले नाही. २००३ मध्ये एका दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीत एक पग जातीचा कुत्रा मुलाच्या मागे मागे जाताना दाखविला, आणि तो प्राणी घरोघर दिसू लागला. पुन्हा तीच गोष्ट: निष्ठा, मागे मागे जाणे. त्या चपट्या नाकातून श्वास घेण्यास त्या जिवास आयुष्यभर किती कष्ट पडतात, ते जाहिरातीत ऐकू आले नाही. कुत्रा घामाने निवत नाही, तो धापा टाकून निवतो. ज्याची श्वासाची वाटच अरुंद, त्याने बोईसरच्या मे महिन्यात दुपारी कोठे जावे? बर्फाळ मुलखातले केसाळ कुत्रे आमच्या उकाड्यात आणून बांधणाऱ्यांसही हाच प्रश्न आहे.

मग मराठीत कुत्र्याकडे सरळ पाहणारे कोणीच नाही काय? आहेत, पण प्रत्येक जण एकेक बाजू पाहून थांबतो. पु. ल. देशपांडे यांचा 'पाळीव प्राणी' हा लेख सर्वांच्या तोंडी आहे. पाहुण्याच्या फजितीचे त्याहून खरे चित्र मिळणार नाही. पण त्यात विनोदाचा रोख माणसांवर आहे, आणि तसाच तो असावयास हवा. व्यंकटेश माडगूळकरांनी 'सत्तांतर' (१९८२) मध्ये वानरांच्या टोळीस तिच्या स्वतःच्या कायद्याने वागू दिले, त्यांस मानवी नीतीचे मुखवटे चढविले नाहीत. रानातल्या वानरास जो मान मिळाला, तो दारातल्या कुत्र्यास मिळावयाचा आहे. अरुण कोलटकरांनी मुंबईच्या एका रस्त्यावरील कुत्र्यास स्वतःच्या तोंडाने बोलावयास लाविले, आणि त्याच्या वंशावळीत महाभारतातला कुत्राही आणिला. पण ती कविता इंग्रजीत, 'काळा घोडा पोएम्स' (२००४) या संग्रहात आहे. आमच्याच जिल्ह्यातले वारली चित्रकार या बाबतीत लेखकांच्या पुढे गेलेले दिसतात. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी जी चित्रकला जगापुढे नेली, तिच्यात कुत्रा हा प्रतीक म्हणून येत नाही. तो पाड्यात कोंबड्यांच्या, पोरांच्या आणि गुरांच्या बरोबरीने येतो, शिकाऱ्याच्या पायांशी येतो; इतरांइतकाच लहान, इतरांइतकाच कामात. त्यास कोणी पायांशी बसविलेले नाही आणि कोणी हाकललेलेही नाही.

वाघ्याची हकीकत पुरी करून थांबतो. चौथ्या दिवशी तो सापडला. चिंचणीच्या पलीकडील एका कोळीवाड्यात, बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांच्या सावलीत तो बसला होता. एका वृद्ध कोळीणबाईने त्यास भात घातला होता. आमचे स्नेही सरळ त्याच्या डोक्याकडे हात नेऊ लागले, तोच ती ओरडली, "त्या अंगाने नको, दादा. कान दुखतंय त्याचा. या बाजूनं बस, तो आपणहून येल." ते तसे बसले. कुत्रा थोडा वेळ पाहात राहिला, मग उठून आला, आणि त्याने दुसऱ्या अंगाने डोके त्यांच्या गुडघ्यास टेकिले. आम्ही तीस वर्षे ग्रंथ वाचून आणि त्यांनी चार वर्षे कुत्रा पाळून जे पाहिले नाही, ते त्या बाईने तीन दिवसांत पाहिले होते. तिला ना युधिष्ठिर आठवण्याचे कारण पडले, ना रायगड.

पशुवैद्याने कान तपासला, तो आत चांगलाच चिघळला होता. तीन आठवड्यांच्या औषधाने बरा झाला. दहावा दिवस उजाडला तेव्हा वाघ्या जेवून झोपला होता, आणि मुलाच्या आईने त्या रात्री प्रथमच डोळ्यास डोळा लाविला. मुलाने आपल्या सुया पुऱ्या केल्या. त्यास आता घरात एक नियम शिकविला आहे, आणि तो मोठ्यांसही लागू आहे: झोपलेल्या, जेवणाऱ्या आणि दूर गेलेल्या कुत्र्यास हात लावावयाचा नाही, गुरगुरला तर थांबावयाचे, आणि का गुरगुरला ते शोधावयाचे. जनावरास असे उपाशीतापाशी सोडून देणे हा १९६० च्या प्राणिक्रौर्य-प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हेही आमच्या स्नेह्यांस मागाहून कळले. ते खाली मान घालून म्हणाले, "कायदा नसता तरी सर, आता मला ते कळले आहे."

येत्या वर्षापासून महाप्रस्थानिक पर्व शिकविण्यापूर्वी आम्ही पौष्यपर्वाचा तो लहानसा भाग वर्गात वाचणार आहो. शेवटच्या कुत्र्यापुढे टाळ्या वाजविणे सोपे आहे. त्यासाठी फक्त कथेचा शेवट ठाऊक असावा लागतो. पहिल्या कुत्र्याच्या आईने विचारलेल्या प्रश्नास उत्तर देणे कठीण आहे, कारण त्यासाठी यज्ञमंडपातून उठून त्या पिल्लाजवळ जावे लागते, आणि ते कोठे दुखते आहे म्हणून सांगते, तिकडे पाहावे लागते. राजपुत्र गप्प राहिले. ज्यांच्या घरी कुत्रा आहे, त्यांनी गप्प राहू नये.